आधी डोह, मग गळ : खानदेशात स्वस्तातली मासेमारीची सहल

खानदेशात नद्यांना तोटा नाही. बारमाही पाणी मात्र मोजक्याच ठिकाणी असते. तापीला दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई येऊन मिळतात आणि उत्तरेकडून सातपुड्यातल्या सुकी, मोर, अनेर, अरुणावती. नकाशावर या साऱ्या निळ्या रेघा सारख्याच दिसतात. प्रत्यक्षात पाऊस उलटून चार महिने झाले की बऱ्याच पात्रांत वाळू आणि गोटेच उरतात. पाणी राहते ते डोहांत, बंधाऱ्यांमागे आणि धरणांच्या फुगवट्यात, आणि मासाही तिथेच राहतो. त्यामुळे जळगाव-धुळ्याकडे वाटाड्या किंवा पॅकेज न घेता दोन दिवस नदीवर गळ टाकून काढायचे असतील, तर आधी डोह शोधावा, मग तारीख ठरवावी आणि सामानाचा विचार सगळ्यात शेवटी करावा. बहुतेक हौशी मंडळी नेमके उलटे करतात. महागडा रॉड आधी घरी येतो आणि नदीवर गेल्यावर कळते की तिथे गुडघाभर पाणीही नाही.

डोह कुठे असतो, हे नदीच्या स्वभावावरून ओळखता येते. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ खंबातच्या आखाताला मिळते. त्यातला सुमारे २२८ किलोमीटरचा प्रवाह महाराष्ट्रात आहे. खानदेशात तिने स्वतःच आणून टाकलेल्या गाळातून खोल पात्र कापले आहे. म्हणून दोन्ही काठांवर मातीच्या उंच दरडी आहेत आणि त्यांना घळींनी चिरा पाडलेल्या आहेत. अशा नदीत वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी काठ कोरत जाते. खोली तिथे असते, आतल्या अंगाला वाळूची दांडी पडते. जिथे खडकाचा उंबरा आडवा आला आहे, तिथे त्याच्याखाली पुराचे पाणी आपटून खड्डा करते. दोन नद्यांच्या संगमावरही तसेच होते. पांझरेवर आणखी एक प्रकार आहे. या खोऱ्यात फड पद्धतीची सामुदायिक सिंचनव्यवस्था शतकानुशतके चालत आली आणि तिचे दगडी बंधारे अजूनही जागोजागी दिसतात. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी पायथ्याशी डोह खोदते. त्या फेसाळ पाण्यात प्राणवायू जास्त मिसळलेला असतो, म्हणून मासे तिथे जमतात.

हे सगळे घरबसल्या, एक रुपयाही न खर्चता पाहता येते. गूगल अर्थवर एकाच जागेची वेगवेगळ्या वर्षांची उपग्रहचित्रे उघडतात. त्यातली एप्रिल-मे महिन्यांतली तेवढी निवडून पाहावीत. ज्या ठिकाणी तीन-चार वर्षांच्या उन्हाळ्यांत गडद हिरवा पट्टा कायम दिसतो, तो डोह खरा. एखाद्याच वर्षी दिसला तर ते बंधाऱ्यातून सोडलेले पाणी किंवा वाळू उपशाचा खड्डा असण्याची शक्यता जास्त. एवढा अभ्यास झाला की गावात जाऊन भोई किंवा कोळी समाजातल्या एखाद्या जुन्या माणसाला गाठावे. “नाना, आठे पानी कितलं खोल शे?” असे नीट बोलून विचारले तर लोक हातचे राखून ठेवत नाहीत. कोणता डोह अंगावर येतो, कुठे बुडालेली झाडे आहेत, कोणत्या दगडाखाली वाम असते, हे कुठल्याही नकाशावर सापडत नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी चांगदेव सुचवीन. जळगाव जिल्ह्यात मुक्ताईनगर तालुक्यात इथे पूर्णा तापीला मिळते आणि खाली हतनूर धरणाचा फुगवटा संगमापर्यंत येतो, म्हणून पाण्याची शाश्वती आहे. भुसावळपर्यंत रेल्वे आणि पुढे एसटी, एवढ्यात पोचता येते. काठावर चांगदेवाचे प्राचीन दगडी मंदिर आहे, जवळच कोथळी-मेहूणला मुक्ताबाईचे स्थान आहे. हा सगळा वारकऱ्यांचा मुलूख. घाटावर, मंदिराच्या पायऱ्यांवर किंवा यात्रेच्या दिवसांत गळ टाकू नये, मासळी साफ करू नये. घाटापासून बरेच दूर जावे. नदीकाठी देवस्थानापाशी मासे न धरण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या वाळणकोंडीत काळ नदीच्या डोहातले मोठमोठे मासे वरदायिनी देवीचे म्हणून कोणी धरत नाही आणि त्यामुळेच ते टिकले.

धुळ्याच्या बाजूने जाणाऱ्यांनी मुडावद पाहावे. शिंदखेडा तालुक्यात पांझरा इथे तापीला मिळते, काठावर कपिलेश्वराचे मंदिर आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे बेटावद स्थानक जवळ असल्याने पॅसेंजरने स्वस्तात पोचता येते. शिरपूरच्या वाटेवर सावळद्याला आग्रा रस्त्याचा मोठा पूल तापी ओलांडतो. पुलाखाली गर्दी असते, पण काठाने तासभर चालले की माणूस दिसत नाही. तिसरी जागा गिरणेवर, चाळीसगाव-भडगावच्या पट्ट्यात, जामद्याच्या बंधाऱ्याच्या आसपास. गिरणेचे गणित मात्र वेगळे आहे. वर नांदगाव तालुक्यात १९६९ साली पूर्ण झालेले गिरणा धरण आहे आणि खालची नदी त्याच्या आवर्तनांवर चालते. आवर्तन सुटले की कोरड्या पात्रात पाणी येते, मासा चढणीला लागतो. आवर्तन नसेल तर डोहांखेरीज काही नाही. तेव्हा निघण्याआधी पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात किंवा गावातल्या शेतकऱ्याकडे आवर्तनाची चौकशी करणे हे बसचे वेळापत्रक पाहण्याइतकेच जरुरीचे आहे.

रानातली नदी म्हटले की मन सातपुड्याकडे धावते, आणि ते साहजिक आहे. पालजवळची सुकी, शिरपूर-चोपड्याच्या सीमेवरची अनेर, ही खडकांतून वाहणारी, स्वच्छ पाण्याची नद्यांची जात आहे. तापी-नर्मदेच्या खोऱ्यांतला महाशीर अशाच पाण्यात वाढतो. पण सुकीचे रान यावल अभयारण्यात येते आणि अनेर धरणाचा परिसर अनेर डॅम अभयारण्यात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही उचलता येत नाही, मासाही नाही. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या, म्हणजे गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या ओढ्यांनाही हेच लागू. तिथे दुर्बीण घेऊन जावे, गळ घरी ठेवावा. हे नियम जाचक नाहीत. समुद्राकडून तापीत चढणाऱ्या माशाची वाट गुजरातेत काकरापारच्या आणि उकाईच्या बांधांनी कधीच अडवली. मधे हतनूर, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे अडथळे आले. नदीच्या जुन्या माशांना आता मोकळे राहिलेले पाणी म्हणजे हे डोंगरातले ओढेच.

अभयारण्याबाहेरही नदीवर वाटेल तिथे गळ टाकायला मोकळीक आहे असे समजू नये. धरणे आणि मोठे तलाव यांतला मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने देतो आणि तो बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. फुगवट्यातले रोहू, कटला, मृगळ हे बहुतांशी या संस्थांनी पैसे मोजून आणलेल्या आणि सोडलेल्या बोटुकलीतून वाढलेले असतात. विचारल्याशिवाय तिथे गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरणे आहे. जळगाव आणि धुळे येथे मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांची कार्यालये आहेत. कोणता पट्टा कोणत्या संस्थेकडे आहे हे तिथे कळते. मग संस्थेच्या अध्यक्षांना किंवा सचिवांना भेटून रीतसर परवानगी आणि पावती घ्यावी. सहलीच्या खर्चातला हा सर्वांत योग्य खर्च आहे, कारण तो नदीवर पोट असलेल्या माणसाच्या हातात जातो. आणि सुरुंग किंवा विष वापरून मासे मारण्यावर १८९७च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून बंदी आहे. विजेचा धक्का देऊन मासे मारणारे आजही काही ठिकाणी भेटतात. अशांच्या सोबतीला उभे राहू नये, त्यांच्याकडून मासा विकत घेऊ नये.

आता हंगाम. खानदेशात नदीवर जायचे खरे दिवस म्हणजे दिवाळीपासून फाल्गुनापर्यंतचे. पावसाळ्यात पाणी गढूळ, काठ निसरडे, आणि माशांचा तो विणीचा काळ. तेव्हा जाऊच नये. उन्हाळ्यात जाण्याचा मोह जास्त होतो, कारण पाणी आटून मासे एका जागी कोंडलेले असतात आणि पटापट लागतात. पण पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३५ अंशांना तो ७च्या आसपास येतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा उथळ डोहातले मासे पहाटे पाण्यावर तोंड उघडून श्वासासाठी धडपडताना दिसतात. अशा डोहात उरलेले मासे हे पुढच्या पावसाळ्याचे बियाणे आहे. ज्याला नदी आवडते त्याने होळीनंतर डोहावर गळ नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिवाळ्यातही वेळ पाहावी लागते. पुस्तकात पहाटेची वेळ उत्तम सांगितलेली असते. खानदेशातल्या पौषात मात्र पहाटेचे पाणी इतके गार असते की रोहू-मृगळ तळाशी सुस्त पडून राहतात. ऊन चढून पाणी जरा कोमट झाले की ते चरायला निघतात. म्हणून थंडीत दहा ते एक आणि मग दुपार कलतानाची वेळ धरावी. दिवाळीच्या सुमारास आणि फाल्गुनात सकाळ चांगली.

मासा कोणता हवा यावर गळ कुठे टाकायचा ते ठरते. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणून एकाच डोहात बुचाची उंची हातभर वरखाली केली तरी मासा बदलतो. वाम दगडांच्या कपारीत दडते आणि अंधार पडता पडता बाहेर येते. तिला गांडूळ लावावे. शिंगाळा तळाचा, त्याच्या कल्ल्यांमागच्या काट्यांपासून हात सांभाळावा. ते काटे खोल टोचतात आणि जखम बराच वेळ ठणकते. मरळ काठालगतच्या गवतात, वनस्पतींच्या आडोशाला असते. ती अधूनमधून हवा घ्यायला वर येते, त्यामुळे कुठे आहे ते कळते. मरळीबाबत एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. पाण्याच्या पृष्ठभागावर लालसर-नारिंगी पिल्लांचा पुंजका एकत्र वळवळताना दिसला, तर त्याच्याखाली त्यांचे आईबाप राखण करत असतात. त्या वेळी ती मरळ समोर काहीही आले तरी त्यावर झडप घालते, म्हणून धरायला फार सोपी. तिला धरली की तासाभरात तो पुंजका इतर माशांच्या पोटात जातो. अशा जागी गळ गुंडाळून पुढे चालू लागावे.

रोहू-मृगळासाठीचे खाद्य घरी करता येते आणि विकतच्यापेक्षा चांगले काम देते. शेंगदाण्याची ढेप रात्री भिजत घालावी. सकाळी ती कुस्करून त्यात गव्हाची कणीक आणि थोडे भाजलेले बेसन घालावे. पाणी नदीचेच घ्यावे आणि पुरीच्या कणकेपेक्षा घट्ट मळावे. मळताना बोटांना तेल सुटल्यासारखे वाटले की झाले. बोराएवढी गोळी करून गळ तिच्यात पूर्ण लपवावा. टोक बाहेर राहिले तर मासा गोळी चाखून सोडून देतो. पाण्यात टाकण्याआधी गोळी एकदा हाताने बुडवून पाहावी. पाच मिनिटांत ती विरघळली तर कणीक कमी पडली, दगडासारखी राहिली तर ढेप कमी पडली. गळ टाकायच्या अर्धा तास आधी त्याच ढेपेचे मूठ-दोन मूठ चुरे जागेवर टाकून ठेवावेत.

दख्खनच्या मातीत हे ज्ञान फार जुने आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात मत्स्यविनोद नावाचा भाग आहे. मासे कोणते, त्यांना कसले खाद्य द्यावे, दोरी आणि काठी कशी असावी, गळाला लागलेला मासा कसा दमवावा, हे राजाच्या करमणुकीचा भाग म्हणून त्यात सांगितले आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर लेख लिहून त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. गळाची मासेमारी इंग्रजांनी आणली असे मानणाऱ्यांनी तो भाग जरूर पाहावा.

सामान मोजके. सरळ वाढलेला बारीक बांबू, तंगूस, चार-पाच आकारांचे गळ, शिशाचे तुकडे, बुचासाठी थर्माकोल किंवा मोरपिसाचा देठ. हे सगळे शे-दोनशे रुपयांत होते आणि काठाजवळच्या पाण्याला पुरते. लांब फेकायचे असेल तर रीळ लावलेली काठी हवी. साधी हजार ते दोन हजारांत मिळते आणि नीट पुसून ठेवली तर वर्षानुवर्षे टिकते. एका गटात एक पुरे. खाण्याला कळण्याची भाकरी, ठेचा, शेंगदाणे आणि कांदा यासारखे दुसरे काही नाही; ते दोन दिवस खराब होत नाही. पाणी मात्र माणशी चार-पाच लिटर बरोबर न्यावे, नदीचे पिऊ नये. रात्री पात्रात तंबू ठोकण्यापेक्षा गावात मंदिराच्या धर्मशाळेत किंवा ओळखीने एखाद्याच्या ओसरीवर झोपावे. एसटीत २०२३च्या मार्चपासून महिलांना निम्मे भाडे आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, तेव्हा घरच्यांना घेऊन गेलात तरी खर्च फारसा वाढत नाही. सामान आधीचे असेल तर जिल्ह्यातल्या जिल्ह्यात तिघांचे दोन दिवस, परवानगी धरून, दोन-अडीच हजार रुपयांत आरामात निघतात.

पैसा कमी लागतो म्हणून सावधगिरीही कमी लागते असे नाही. हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. पूर्णेच्या किंवा तापीच्या वरच्या खोऱ्यात पाऊस झाला की इथे लख्ख ऊन असतानाही ते उघडतात आणि खालच्या पात्रात पाणी पाहता पाहता चढते. बॅरेजांचेही तसेच. ढगाळ दिवसांत नदीच्या मधल्या वाळूच्या बेटावर बसूच नये. गिरणा आणि तापीच्या पात्रांत वाळू उपशाने पडलेले खड्डे वरून समजत नाहीत. गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल थेट डोक्यावर पाणी येईल अशा ठिकाणी पडते. पाण्यात उतरायची वेळ आलीच तर काठीने चाचपल्याशिवाय पाऊल टाकू नये. पोहता येते म्हणून एकट्याने जाऊ नये. तापीच्या दरडींवरून उतरताना वाट गुरांची धरावी. काळी माती वरून सुकलेली दिसली तरी आत ओली असते आणि कड सुटून येते.

एक धोका बाहेरून येणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. खानदेशच्या नद्यांच्या काठी केळीच्या आणि कापसाच्या शेतांसाठी ठिकठिकाणी विजेच्या मोटारी बसवलेल्या असतात. त्यांच्या केबली दरडीवरून पाण्यापर्यंत लोंबतात, काहींचे जोड उघडे असतात. आधुनिक काठ्या कार्बनच्या असतात आणि कार्बनमधून वीज वाहते. ओली दोरी, ओले पाय आणि वर तार, हा प्रकार जिवावर बेततो. मोटार दिसली की तिच्यापासून चांगले लांब बसावे, आणि काठी उगारण्याआधी मान वर करून तारा पाहाव्यात. काठाच्या गवतात घोणस असते. बूट आणि बॅटरी दोन्ही हवीत.

तुटलेला तंगूस काठावर टाकून येऊ नका. हतनूरच्या फुगवट्यावर हिवाळ्यात हजारो स्थलांतरित पक्षी उतरतात आणि त्यांच्या पायांत, पंखांत हा धागा अडकला की सुटत नाही. तो गुंडाळून खिशात घालून परत आणावा.

किती मासे न्यावेत याला कायद्यात हौशी माणसासाठी ठळक आकडा नसला तरी आपला आपण घालून घ्यावा. एका जेवणापुरते घेतले की बाकीचे ओल्या हाताने धरून, गळ अलगद काढून सोडावेत. कोरड्या हाताने धरले तर अंगावरचा चिकट थर निघतो आणि सोडलेला मासाही पुढे बुरशी लागून मरतो. थोडे लहान खायला ठेवा, मोठी मादी सोडा. रोहूची मादी किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी धरते आणि पहिल्या पुराबरोबर ती घालते. तीन किलोची एक मादी सोडली, तर आषाढात तेवढ्या एका डोहातून पाच-सहा लाख अंडी नदीत पडतील.